अठरा वर्षांनंतरचे मूल

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या आईवर स्तुतिसुमने उधळण्यात आपला समाज कधी हात आखडता घेत नाही. ‘देवाने तुझीच निवड केली’, ‘तू म्हणून निभावतेस’ असे तिला सांगितले जाते आणि सांगणारा निश्चिंत मनाने घरी जातो. मातृत्वाचा हा गौरव पुष्कळदा जबाबदारी झटकण्याचा सभ्य मार्ग असतो. त्या माउलीला महिन्यातून एखादी संध्याकाळ मोकळी मिळावी म्हणून मुलाला आपल्या घरी बसवून घेणारा शेजारी विरळाच.

दुसऱ्या टोकाला पूर्वसंचिताचा दाखला देणारे असतात. कर्मसिद्धांताचा असा वापर हा त्या सिद्धांतावरही अन्याय आहे. डाऊन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जादा असते. त्यात कोणाचे पाप शोधणार? जन्मजात थायरॉईडची कमतरता पहिल्या काही आठवड्यांत रक्त तपासून ओळखली आणि रोजची गोळी सुरू केली, तर बुद्धीची हानी बहुतांशी टळते. ज्याला नशीब म्हणून हात जोडायचे, ते असे तपासणीच्या अभावी घडलेले असू शकते.

एकत्र कुटुंबात अशी मुले सहज सामावली जात, असे आपण अभिमानाने सांगतो. हे अर्धसत्य आहे. घरात माणसे होती, अंगण होते, मूल एकटे पडत नसे, हे खरेच. परंतु पाहुणे आले की त्याला माजघरात नेऊन बसवणारेही तेच घर होते आणि त्याचे खाणे, न्हाणे, कपडे हे सारे एखाद्या सुनेच्या वाट्याला येई. ‘लग्न करून दिले की सुधारेल’ असे म्हणत मुलीकडच्यांना अंधारात ठेवून उरकलेली लग्ने याच व्यवस्थेने पाहिली. कुटुंबसंस्थेवर ज्यांची श्रद्धा आहे, त्यांनी तर हा हिशेब अधिक चोख मांडला पाहिजे.

अशा मुलाला शिकवायचे कसे, याचे उत्तर आपल्याकडे नव्हते असे नाही. पंचतंत्राची जन्मकथाच पाहा. राजाची तीन मुले मंदबुद्धी म्हणून सर्वांनी सोडून दिलेली. विष्णुशर्म्याने त्यांना बोल लावला नाही, शिकवण्याची रीत बदलली. आजचे विशेष शिक्षक हेच करतात. सदऱ्याचे बटण लावणे ही आपल्या लेखी एक क्रिया. त्यांच्या लेखी ती सात-आठ पायऱ्यांची मालिका असते. बटण चिमटीत धरणे, काजे शोधणे, कडेने आत सरकवणे, पलीकडून ओढणे. पुष्कळदा शेवटची पायरी आधी शिकवतात. बाकी सारे आईने करायचे, अखेरचा हिसका तेवढा मुलाने द्यायचा, म्हणजे काम पुरे केल्याचा आनंद पहिल्या दिवसापासून त्याचा. मग एकेक पायरी मागे सरकायचे. यात महिने जातात. प्रगतिपुस्तकावर याची नोंद करायला रकाना नसतो, पण स्वतःचा सदरा स्वतः घालणारा तरुण आणि उभा राहून दुसऱ्याकडून घालून घेणारा तरुण यांच्या आयुष्यात जमीन-अस्मानाचे अंतर असते.

बाप मात्र या साऱ्यात अनेकदा फी भरण्यापुरता दिसतो. विशेष शाळांच्या पालकसभेत कोण बसलेले असते, ते एकदा पाहावे.

पुण्यात ‘कामायनी’ १९६४ मध्ये सुरू झाली, नाशिकला रजनी लिमये यांनी १९७७ मध्ये ‘प्रबोधिनी’ उभी केली. अशा संस्थांनी वाट घालून दिली. तरीही शाळा अठराव्या वर्षाच्या आसपास संपते आणि मूल घरी परतते. पूर्वी यातील कितीतरी मुले फार जगत नसत. १९८३ च्या सुमारास अमेरिकेत डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचे सरासरी आयुर्मान पंचविशीच्या घरात होते. आता ते साठीला पोचले आहे. ही वैद्यकाची मोठीच देणगी. मात्र तिच्यामुळे आईबापांच्या मागे राहणारे अपत्य हा आता अपवाद उरलेला नाही.

अठरा पूर्ण होताच कायद्याने आईवडीलही त्याचे पालक राहत नाहीत, हे कित्येक सुशिक्षित घरांना ठाऊक नसते. बँकेत किंवा वाटणीपत्राच्या वेळी अडले की मग धावपळ सुरू होते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती नेमली आहे. आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था तिच्याकडे पालक नेमण्यासाठी अर्ज करू शकतात. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यायची असते आणि पुढे दरवर्षी हिशेब. त्याने हेळसांड केली तर त्याला दूर करता येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने आणखी एक पाऊल टाकले: निर्णय त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून, तिच्या इच्छेनुसार घ्यावा, अशी मर्यादित पालकत्वाची कल्पना त्यात आहे.

हा अर्ज आईवडील धडधाकट असतानाच करायचा असतो. धाकट्या बहिणीला किंवा भावाला ‘तूच आता याचे पाहायचे’ असे गृहीत न धरता आधी विचारावे, नकार आला तर तो रागावून न घेता ऐकावा आणि दुसरे नाव शोधावे. आणि ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे, त्यालाही विचारावे. कोणाबरोबर राहायला आवडेल, हे त्यातील बहुतेकांना नीट सांगता येते.