अवजारांच्या खोलीचा पाया

परसातील अवजारांची खोली हे घरचे सर्वांत उपेक्षित बांधकाम. फावडे, कुदळ, फवारणीचा पंप आणि मुलांची जुनी सायकल एवढेच ठेवायचे, त्याला पाया कशाला, असे म्हणून चार विटांवर टिनाचे शेड उभे केले जाते. बुलढाणा जिल्ह्यात घाटावर, जेथे हातभर खाली मुरूम लागतो, तेथे हे कदाचित निभावते. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव या पूर्णेच्या खोऱ्यात मात्र दोन-तीन पावसाळ्यांतच दार चौकटीत अडकू लागते आणि फरशी उचलली जाते.

हा काळ्या मातीचा प्रताप. पाणी पिऊन ती फुगते, वैशाखात आकसून उलते. हलक्या बांधकामाला पाया कमी चालतो ही समजूत येथे उलटी ठरते. दुमजली घराचे वजन मातीचा फुगवटा काही अंशी दाबून धरते. टिनाच्या खोलीला तीच माती सहज उचलते. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी फुगीर असलेले खांब विकसित केले, पण ते साधारण साडेतीन मीटर खोल न्यावे लागतात. एवढ्याशा खोलीसाठी तो खर्च कोण करणार? तिला माती बदलणे पुरते.

खोली सहा बाय आठ फुटांची आखली तर एक सोय होते: दोन्ही कर्ण बरोबर दहा फूट भरले की कोपरे काटकोनात आले. आखणीबाहेर चहूकडे फूट-दीड फूट अधिक घेऊन दोन ते तीन फूट काळी माती काढावी. त्यात मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी भरावा आणि प्रत्येक थर पाणी शिंपडून धुमसाने चोपावा. सगळा मुरूम एकदम ओतून वरून नळी सोडून देण्याची घाई पुष्कळ ठिकाणी होते, आणि केलेला खर्च तेथेच बुडतो. मुरमाऐवजी रेती तर नकोच. काळ्या मातीच्या खड्ड्यातील रेती म्हणजे जमिनीखालचा हौद.

मुरमावर दगडी सोलिंग, त्यावर चार इंच काँक्रीट. खारपाणपट्ट्यातील विहिरीचे पाणी त्यात वापरू नये, खारामुळे सळई गंजते. गोडे पाणी आणावे. दिवाळीनंतर काम काढल्यास काँक्रीटवर आठ-दहा दिवस मारायला पाणीही मिळते.

जोते जमिनीपासून दीड फूट उंच असावे. पागोळ्यांचे पाणी मात्र जोत्याशी मुरता कामा नये; पन्हळ लावून ते दूर न्यावे आणि सभोवती दोन-तीन फूट बाहेरच्या उताराची फरसबंदी करावी. खणून काढलेली माती जोत्याला लागून टाकण्याचा मोह होतो. ती भाजीच्या वाफ्यांत पसरावी, आणि ते वाफेही खोलीपासून चार पावले दूरच असू द्यावेत.