नोंदवहीवर सही कोणाची?



"पोट्टं कुठी लागलं?" असे आपल्या वस्तीत कोणी विचारले आणि "विद्यापीठात लागलं" असे उत्तर आले, की ऐकणाऱ्याचा चेहरा खुलतो. अकोल्यात विद्यापीठ म्हणजे कृषी विद्यापीठ, हे वेगळे सांगावे लागत नाही. पण पुढचा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. तिथे तो करतो काय? मस्टरवर आहे की कायम? शेतावर आहे की प्रयोगशाळेत? आणि प्रयोगशाळेत असेल, तर काचसामान धुतो की नोंदवही लिहितो? या आठवड्यात आम्ही हाच पुढचा प्रश्न घेऊन आपल्यापुढे आलो आहोत.

डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची स्थापना २० ऑक्टोबर १९६९ रोजी झाली. ज्यांचे नाव या विद्यापीठाला आहे ते भाऊसाहेब अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचे. १९५२ ते १९६२ ते देशाचे कृषिमंत्री होते. पण आपल्या समाजाला त्यांची आणखी एक ओळख आहे. १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिर प्रवेशाचा लढा उभा राहिला, त्यात भाऊसाहेब होते. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला अमरावतीला जी परिषद भरली तिचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. त्या लढ्याला आता शंभर वर्षे होत आली. आपण बुद्धाला शरण गेलो, त्या देवळाचे दार आपल्याला आज नको आहे. पण प्रयोगशाळेचे दार हवे आहे, आणि ते पुरते उघडले आहे असे आम्हाला अजून म्हणवत नाही.

हाताचे काम

संशोधन म्हटले की पांढरा कोट, दुर्बीण आणि इंग्रजी बोलणारे साहेब, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात या कामाचा फार मोठा भाग हाताचा आहे. मातीपरीक्षणाचेच पाहा. शेतात ठिकठिकाणी वीतभर खोल, इंग्रजी व्ही अक्षरासारखे खड्डे करायचे. त्यांच्या कडेची माती खरवडून एका घमेल्यात घ्यायची. ढीग करून त्याचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेल्याचे पुन्हा चार, असे करत अर्धा किलो माती ठेवायची. ती सावलीत वाळवायची, लाकडी हातोड्याने फोडायची, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळायची. मग सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश यांची तपासणी. सेंद्रिय कर्ब काढताना जहाल गंधकाम्ल वापरावे लागते. तिथे नजर हलली तर हात भाजतो. पिशवीवरची चिठ्ठी बदलली, तर एका शेतकऱ्याच्या खताचा हिशेब दुसऱ्याच्या माथी जातो. म्हणजे लाखाचे यंत्र शेवटी त्या चिठ्ठी बांधणाऱ्या हाताच्या प्रामाणिकपणावर चालते.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त परिचर होते. आयुष्यभर त्यांनी माती फोडली आणि चाळली. पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांतून जातो. तिथल्या मातीचे ढेकूळ बोटांत घेतले की ते यंत्राआधी सांगत, "हे खारपाणातली हाय." शाळा चौथीपर्यंतच झालेली. त्यांच्या बोटांना जे कळत होते ते कोणत्याही नोंदवहीत गेले नाही. ते निवृत्त झाले, आणि ते ज्ञानही त्यांच्याबरोबर घरी गेले.

कपाशीचेही तसेच आहे. १९८१ साली अकोल्याच्या विद्यापीठाने पीकेव्ही हाय-२ हा संकरित वाण दिला आणि कोरडवाहू शेतकऱ्याने तो उचलून धरला. संकरित बी होते कसे, हे आपल्या आयाबायांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. बीजोत्पादनाच्या शेतात हे काम बहुतेक बायाच करतात. उद्या उमलणारी कळी आज दुपारी अचूक ओळखायची. नखाने तिची पाकळी आणि पुंकेसर अलगद काढायचे, आतल्या स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही. खुणेसाठी दोरा बांधायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीच्या फुलाचा पराग त्यावर लावायचा. एका कळीला एकदाच संधी. वेळ चुकली की कळी वाया. दिवसभर वाकून अशा शेकडो कळ्या करणाऱ्या बाईला मजूर म्हणतात, आणि त्याच कामाचे तत्त्व वर्गात शिकवणाऱ्याला शास्त्रज्ञ म्हणतात. शास्त्रज्ञाचे ज्ञान मोठेच आहे, त्यात वाद नाही. कोणत्या दोन जातींचा संकर करायचा हे ठरवायला वर्षानुवर्षांचा अभ्यास लागतो. आमचे म्हणणे एवढेच, की बाईचे काम बिनडोक नाही. ज्या घरातली आई हे काम करते, त्या घरातली मुलगी या विषयात परकी नाही.

बाबासाहेबांनी मागितलेली वाट

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाल्यावर त्यांनी त्याच वर्षी अस्पृश्यांच्या तक्रारींचे एक निवेदन सरकारला दिले. त्यात त्यांनी स्पष्ट मांडले, की केवळ कला आणि कायद्याचे शिक्षण आपल्या मुलांना पुरे पडणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे. त्याचा खर्च आपल्या लोकांना झेपणारा नाही, म्हणून तो सरकारने उचलावा. त्यातून शिष्यवृत्त्यांची वाट निघाली आणि आपली काही मुले सरकारी खर्चाने विलायतेला शिकायला गेली. स्वतः बॅरिस्टर असलेला माणूस आपल्या लेकरांसाठी प्रयोगशाळा मागत होता, याचा विचार आपण करावा.

मग आपली मुले तिथे भराभर का पोचली नाहीत? एक कारण असे आहे की ते नव्या पिढीला फारसे ठाऊक नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण नागपुरात धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर ज्यांनी कागदावर प्रामाणिकपणे 'बौद्ध' लिहिले, त्यांच्या केंद्र सरकारच्या सवलती गेल्या. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राने कायदा दुरुस्त केला तो १९९० साली. मधली चौतीस वर्षे गेली. त्याच काळात नागपुरात केंद्राच्या मोठ्या संशोधन संस्था उभ्या राहिल्या. आज जिला नीरी म्हणतात ती संस्था १९५८ ची, केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ ची. दीक्षाभूमीच्याच शहरात या प्रयोगशाळा उभ्या राहत होत्या, आणि धम्म लपवायचा नाही म्हणणाऱ्या आपल्या पदवीधराला तिथल्या राखीव जागेवर हक्क सांगता येत नव्हता. आपल्या वडीलधाऱ्यांनी धम्मासाठी काय मोजले, त्याच्या हिशेबात ही चौतीस वर्षेही धरली पाहिजेत.

दुसरे कारण आजचे आहे. केंद्राच्या नियमांत वैज्ञानिक आणि तांत्रिक पदांसाठी एक सूट आहे. संशोधन करणारी किंवा त्याला दिशा देणारी पदे गट 'अ' च्या सर्वांत खालच्या पायरीच्या वर असतील, तर त्यांना आरक्षणातून वगळता येते. म्हणजे दाराशी आरक्षण आणि माडीवर मोकळीक. तिसरे कारण कागदावर दिसत नाही. दिल्लीच्या एम्ससारख्या संस्थेत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना वेगळी वागणूक मिळते, अशा तक्रारी झाल्या. त्यांची चौकशी करणाऱ्या समितीने २००७ साली अहवाल दिला. त्या समितीचे अध्यक्ष डॉ. सुखदेव थोरात हे आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या महिमापूरचे सुपुत्र. जिथे बुद्धीशिवाय दुसरे काही मोजत नाहीत असे सांगतात, तिथेही आडनाव मोजले जाते, हे यातून पुढे आले.

चौथे कारण पोटाचे आहे. आज एम.एस्सी. झालेला मुलगा प्रयोगशाळेत जातो तो बहुधा एखाद्या प्रकल्पावर, ठराविक मुदतीच्या करारावर. प्रकल्प संपला की नोकरी संपली. घरी मात्र सगळे म्हणतात, "साहेब झाला." मुलगा लाजेने खरे सांगत नाही, आणि लग्नाच्या बैठकीत गाडे अडते. आयाबापांना आमची विनंती आहे, त्याला टोचून बोलू नका. ती दोन-तीन वर्षे वाया जात नाहीत. त्यात तो यंत्र शिकतो, शोधनिबंध लिहितो. पुढच्या मुलाखतीत तेच कामाला येते.

प्रश्न कोण विचारणार?

कोणी म्हणेल, नोकरी ती नोकरी. बँकेत काय नि प्रयोगशाळेत काय! तसे नाही. प्रयोगशाळेत कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे हे कोणीतरी ठरवत असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पंप कोणाच्या पाठीवर होता? कापसाचे उत्पादन एकरी किती वाढले हे मोजणारे पुष्कळ आहेत. फवारणाऱ्याच्या रक्तात किती विष गेले, वऱ्हाडच्या उन्हात अंगावर टिकेल असा स्वस्त अंगरखा कसा असावा, हे विचारणारे किती आहेत? यंत्राने वेचता येईल अशा कपाशीवर काम चालू आहे. ते व्हावेही. पण किलोवर वेचणी करून पोराची फी भरणाऱ्या बाईच्या हाताला मग कोणते काम, हा प्रश्न त्याच टेबलावर ठेवणारे कोणी हवे. खारपाणपट्ट्यातल्या आपल्या वस्त्यांनी पिढ्यान् पिढ्या खारे पाणी प्यायले. महाडला आपण पाण्याचा हक्क मिळवला. त्या पाण्यात काय आहे हे तपासणारी मुलगी आता आपल्या घरातून निघाली पाहिजे. कारण जिच्या घरात ते पाणी भरले जाते, तिला तो प्रश्न कोणी सुचवावा लागत नाही.

घरात काय करावे

पहिली गोष्ट. घरचा कर्ता माणूस नोकरीत असताना गेला, की आपण घाईने पोराला किंवा पोरीला अनुकंपावर शिपायाच्या जागी लावतो. दुःखात घर चालवायचे असते, ते आम्ही जाणतो. पण राज्य शासनाची अनुकंपा गट 'ड' बरोबर गट 'क' लाही आहे. मुलगी पदवीधर असेल, तर अर्ज गट 'क' साठी करा. आणि नोकरी लागली म्हणून पुस्तक मिटू देऊ नका.

दुसरी. जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र बारावीच्या आधीच करून ठेवा. केंद्राच्या संस्थेसाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो. मुलाखतीच्या आदल्या दिवशी तहसीलच्या पायऱ्या झिजवून उपयोग नाही.

तिसरी. एम.एस्सी. वर थांबू नका. पीएच.डी. साठी बार्टीची आणि केंद्राची अधिछात्रवृत्ती आहे, परदेशी जाणाऱ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. पैसे वेळेवर मिळत नाहीत ही तक्रार खरी आहे. त्यासाठी संघटितपणे भांडायचे, पण अर्ज करणे सोडायचे नाही.

चौथी. अकोल्याला विद्यापीठाची शिवारफेरी असते, तेव्हा विहारातली पोरे घेऊन जा. जत्रेसारखे फिरवून आणू नका. प्रत्येकाला एकेक वही द्या आणि पाहिलेले लिहायला लावा.

आणि जे आज परिचर आहेत, मजूर आहेत, त्यांनी मान खाली घालू नये. आपल्या मुलांना काम दाखवा. कळी कशी ओळखतात, माती कशी चाळतात ते सांगा. ऐकले म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा, असे बुद्धाने कालामांना सांगितले. प्रयोगशाळेत हेच तर चालते. या दृष्टीने विज्ञान आपल्याला परके नाही.

येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला प्रत्येक विहाराने आपल्या वस्तीतली यादी करावी. सरकारी संशोधन संस्थांत आपले किती जण आहेत, कोणत्या पदावर, कायम की करारावर, हे तीत लिहावे. त्यांतल्या किती जणांची सही नोंदवहीवर होते, हेही लिहावे. यादी लहान निघाली तर वाईट वाटून घेऊ नये. पुढच्या वर्षी तीत एक नाव वाढले पाहिजे, आणि ते एखाद्या लेकीचे असले तर आम्हाला अधिक आनंद होईल.

जयभीम!