कला शाखेच्या विद्यार्थ्याने वेबपान शिकावे काय?

‘तू बी.ए.ला ना? मग तुझा वेब डिझाइनशी काय संबंध?’ हा प्रश्न मला गेल्या वर्षभरात इतक्या जणांनी विचारला की यापुढे उत्तर देण्याऐवजी मी हा अंकच पुढे करणार आहे. विचारणाऱ्यांत नातेवाईक आहेत, एस.टी.त शेजारी बसणाऱ्या मैत्रिणी आहेत आणि (राग मानू नये) आपले एक-दोन प्राध्यापकही आहेत. सर्वांच्या मनातला हिशोब एकच. संगणक हा विज्ञान शाखेचा प्रांत आणि कला शाखा म्हणजे बारावीला कमी गुण पडलेल्यांची सोय! हा हिशोब मला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे सांगण्यासाठी थोडी घरची हकीकत सांगावी लागेल.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आमचे जुने गाव उजनीच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ जसे वर येते, तसे आजोबांच्या बोलण्यात ते गाव अधूनमधून वर येत असे. वडील दुसऱ्याच्या उसाला पाणी देतात, आई बचत गटात आहे आणि मामा उजनीत मासे धरतात. हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरले की भिगवण-कुंभारगावच्या बाजूला पुण्या-मुंबईची माणसे येतात. तेव्हा मामा जाळे बाजूला ठेवून त्यांना होडीतून पक्षी दाखवतात. कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवले की, स्वतःची वेबसाइट असती तर गिऱ्हाईक थेट आले असते, मधल्या माणसाला पैसे मोजावे लागले नसते. मामा मला म्हणाले, ‘तू कालिजात जातीस न्हवं? मग कर की!’

मामांच्या दृष्टीने कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सगळे येते. मला काहीच येत नव्हते. हे कबूल करण्याची लाज वाटली म्हणून मी सुट्टीत बारामतीच्या एका खासगी क्लासमध्ये नाव घातले. फी ८,००० रुपये. त्यासाठी वडिलांनी कालवड विकली. २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले नसते तर जाण्यायेण्याचे गणितही जमले नसते.

क्लासचे नाव घेत नाही. तसे क्लास गल्लोगल्ली आहेत. तीन महिने आम्हाला एका तयार साच्यात चित्रे ओढून बसवायला शिकवले. साच्यातला मजकूर इंग्रजी, त्यातली माणसे परदेशी आणि सगळी हसणारी. कोणते बटण कुठे आहे हे आम्ही पाठ केले. ते बटण दाबल्यावर आत काय घडते हे कुणी सांगितले नाही आणि, खरे सांगायचे तर, आम्हीही विचारले नाही. शेवटी सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र मिळाले. ते घेऊन घरी आले आणि मामांचे पान करायला बसले, तेव्हा कळले की आपल्याला एक ओळही स्वतःहून लिहिता येत नाही. त्या रात्री वडील काही बोलले नाहीत. गोठ्यातली रिकामी दावण मात्र दिसत होती.

त्यानंतर मी जे शिकले ते फुकट शिकले. वेब ही वस्तूच मुळी फुकट दिलेली आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत तिची कल्पना मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ती कोणतेही शुल्क न घेता सर्वांना वापरायला मोकळी केली. शिवाय कोणत्याही पानामागचा मजकूर उघडून पाहता येतो. सुताराच्या दारात बसून रंधा कसा चालतो हे पाहावे, तसे मी ग्रंथालयातल्या संगणकावर दुसऱ्यांची पाने उघडून पाहत बसले. मोझिलाची माहितीची पाने आणि फ्रीकोडकॅम्पचे धडे यांनाही पैसा लागत नाही. लागते ते इंग्रजी. पण इंग्रजीचा बाऊ करावा इतके ते नाही. एचटीएमएलमधल्या खुणा शंभराच्या आसपास आहेत. रोजच्या कामाला वीस-पंचवीस पुरतात. ज्याने आठवीत संस्कृतचे देवः देवौ देवाः पाठ केले, त्याने याला घाबरू नये.

आणि या खुणा म्हणजे तरी काय? हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हे अवतरण. लिहिलेल्या मजकुरात प्रत्येक भागाचे काम काय हे ओळखून त्याला नाव द्यायचे, इतकेच. मराठीच्या तासाला आपण वाक्यपृथक्करण करतो, त्याहून हे फार वेगळे नाही. रंग, आकार, अंतर या गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. त्यासाठी सीएसएस नावाची दुसरी भाषा आहे. हाकोन व्यूम ली यांनी ती १९९४ मध्ये सुचवली. मजकूर एकीकडे आणि त्याचा पोशाख दुसरीकडे, ही त्यातली मुख्य गोष्ट. डेव्ह शे या कॅनडातल्या डिझाइनरने २००३ मध्ये ‘सीएसएस झेन गार्डन’ सुरू केले. त्यात मजकुराचे एकच पान ठेवून त्याला जगभरच्या लोकांनी शेकडो पोशाख चढवले. ते पाहताना मला बारामतीचेच मोरोपंत आठवले. पंतांनी १०८ रामायणे रचली असे सांगतात. एकात ओठांनी उच्चारायचे वर्णच टाळले, एकात मंत्राची अक्षरे गुंफली. कथा तीच, घातलेली अट दरवेळी निराळी. तुलना फार ताणू नये हे मला कळते. पण अट घालून घेऊन तिच्या आत मोकळेपणाने वावरायचे, हा गुण दोन्हीकडे लागतो आणि तो आम्हाला एफ.वाय.पासून शिकवला जातो.

जावास्क्रिप्ट मला अजून नीट येत नाही. त्याविषयी लिहीत नाही.

मराठीचे पान करायला घेतले की मात्र क्लासमध्ये न शिकवलेल्या अडचणी एकेक करून पुढे येतात. शीर्षकाची अक्षरे ऐसपैस दिसावीत म्हणून अंतर वाढवायला आम्हाला शिकवले होते. रोमन लिपीला ते शोभते. देवनागरीत तसे केले की शिरोरेषा तुटते आणि ‘भिगवण’ हा शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ओळींमधले अंतर इंग्रजीइतकेच ठेवले तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकींना भिडतात. पानाच्या सुरुवातीला मराठीची ‘एमआर’ ही खूण लिहिली नाही, तर पुष्कळ टंकांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात. अंधांसाठी पान वाचून दाखवणारे यंत्रही कोणत्या भाषेत वाचावे या संभ्रमात पडते. आणि तो आपला अर्धा र! एका लग्नाच्या केटररची जाहिरात मी पाहिली आहे, तीत ‘कुशल आचाऱ्यांकडून भोजन’ याचे ‘कुशल आचार्यांकडून भोजन’ झाले होते. प्राध्यापकांनी हे काम कधी सुरू केले, असे मला क्षणभर वाटले. ही चूक संगणकशास्त्राचा विद्यार्थी पकडेलच असे नाही. मराठीचा विद्यार्थी झोपेतही पकडेल.

या बाबतीत आपल्या माणसांनी केलेले काम मोठे आहे आणि आपण त्यांची नावेही जाणत नाही. विंडोजमधला ‘मंगल’ हा टंक र. कृ. जोशी यांच्या हातचा. ते सुलेखनकार आणि कवी होते, आयआयटी मुंबईत शिकवीत होते. २००८ मध्ये गेले. मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींनी ‘मुक्ता’ हा टंक कुणीही विनामूल्य वापरावा म्हणून मोकळा ठेवला आहे. मामांच्या पानावर मी तोच वापरला.

आता वापरणाऱ्याविषयी. वारणेच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात १९९८ मध्ये ७० गावांत संगणक केंद्रे उभारण्याचा मोठा प्रकल्प झाला. शेतकऱ्याला जगाची माहिती गावात मिळावी, हा हेतू. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जाऊन पाहिले, तर केंद्रांचा खरा उपयोग उसाचे वजन, खत, बिल अशा चार-दोन गोष्टी विचारण्यापुरताच होता. मग त्यांनी ७ गावांत आठ महिने तेच काम मोबाइलच्या लघुसंदेशावर करून दाखवले. छत्रपती, सोमेश्वर, माळेगाव या कारखान्यांच्या मुलखात वाढलेल्या आम्हाला हे निराळे सांगायला नको. उसाचे वजन कळले का आणि बिल कधी निघणार, एवढेच वडील विचारतात. पान करणाऱ्याने आधी हे ऐकून घ्यावे, मग रंगाकडे वळावे. माणसाला प्रश्न विचारणे आणि त्याचे उत्तर मधे न बोलता ऐकणे हे समाजशास्त्राच्या क्षेत्रकार्यात आम्हाला शिकवतात. त्याचा उपयोग कुठे करायचा ते मात्र शिकवत नाहीत.

मीही ही चूक केलीच. पहिले पान मी फिकट राखाडी अक्षरांत केले, कारण ते मला शहरी वाटले. मामांनी होडीत बसून, उन्हात, फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि म्हणाले, ‘कुठं लिवलंय?’ मजकूर आणि मागचा रंग यांतला उजेडाचा फरक निदान ४.५ : १ असावा, असे वेबच्या जागतिक संस्थेच्या २००८ च्या सूत्रांत लिहिले आहे. मी ते मामांनंतर वाचले. पक्ष्यांचे फोटोही मोठमोठे टाकले होते. पाण्याच्या कडेला मोबाइलची रेंज कशी असते हे मला माहीत असूनही टाकले. पान उघडेपर्यंत फ्लेमिंगो उडून जातील, असे मामेभाऊ म्हणाला. फोटो लहान केले.

यावर कुणी म्हणेल, आता कृत्रिम बुद्धिमत्ता मिनिटात पान करून देते, शिकायचे कशाला? मी तेही करून पाहिले. यंत्राने झकास पान दिले. वर लिहिले, ‘पक्ष्यांच्या नंदनवनात आपले हार्दिक स्वागत!’ मामा म्हणाले, ‘आरं, हे नंदनवन कुठल्या अंगाला आलं? आपल्याकडं तर समद्या बाभळीच हायेत.’ पुढे त्यात हॉटेल होते, वाहनतळ होता आणि नसलेल्या सोयींची एक यादी होती. यंत्र वाईट आहे असे मी म्हणत नाही. खुणा चुकल्या की ते मला आजही दुरुस्त करून देते. पण त्याने लिहिलेल्यातले खरे किती आणि आपले किती हे ज्याला वाचता येत नाही, त्याच्या हाती ते त्या सोनेरी प्रमाणपत्राइतकेच उपयोगी आहे.

यातून नोकरी लागते काय? मला ठाऊक नाही, आणि लागते असे सांगून कुणाची कालवड विकायला लावण्याचे पाप मी करणार नाही. आतापर्यंतची माझी कमाई म्हणजे मामांनी आणून दिलेली दोन पाट्या चिलापी. परंतु घरात माझ्या लग्नाचा विषय निघाला तेव्हा मामाच म्हणाले, ‘तिचं काम चाललंय, थांबा जरा.’ माझ्या वाचण्याला, लिहिण्याला ‘काम’ हा शब्द आमच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा लागला.

म्हणून आपल्या प्राध्यापकांकडे एक मागणी आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने पदवीला कौशल्याचे विषय आणले. त्यात कला शाखेसाठी मराठीतून वेबपान तयार करण्याचा विषय ठेवावा. तो संगणक विभाग आणि मराठी विभाग यांनी मिळून शिकवावा आणि परीक्षा म्हणून प्रत्येकाने आपल्या गावातल्या एका खऱ्या माणसासाठी एक खरे पान करावे. साहित्य बुडेल ही भीती मला वाटत नाही. उदाहरणादाखल आपले हे वार्षिकच घ्या. जुन्या अंकांच्या ज्या फायली कार्यालयात आहेत, त्या छापखान्याच्या जुन्या टंकांत आहेत. त्यात मराठी अक्षरे दिसतात, पण आत रोमन अक्षरांचे संकेत भरलेले आहेत. टंक बदलला की सगळी कविता कचऱ्यासारखी दिसते आणि शोधयंत्राला तर त्यातले एक नावही सापडत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. आमच्याआधी इथे शिकलेल्यांनी काय लिहिले ते वाचायचे असेल तर तो मजकूर कुणीतरी पुन्हा टंकित केला पाहिजे. शनिवारी दुपारी ग्रंथालयातले दोन संगणक मिळाले तर मी आणि माझ्या वर्गातल्या दोघी बसायला तयार आहोत.

मामांच्या पानावरून पहिला फोन डिसेंबरात पुण्याहून आला. त्या गृहस्थांनी विचारले, ‘होडी सकाळी किती वाजता निघते?’ वेळ पानावर लिहिलेली होती. मी ती अगदी तळाला, पक्ष्यांच्या वर्णनाच्या चार परिच्छेदांनंतर लिहिली होती. त्याच संध्याकाळी वेळ, भाडे आणि फोन नंबर सगळ्यांत वर आणले आणि चारातले तीन परिच्छेद काढून टाकले.