मॅडम, तुमचं व्याज कमी करून देते

आपल्या केंद्रांवर येणाऱ्या तक्रारींत गेल्या काही वर्षांत एक नवी तक्रार येऊन बसली आहे. मारहाण, पोटगी, घरातून काढून देणे, ह्या काही संपलेल्या नाहीत. पण नवऱ्याने मारले हे सांगताना जी बाई आता पूर्वीइतकी लाजत नाही, तीच बाई ही नवी तक्रार सांगताना मान खाली घालते. "फोन आला होता. क्रेडिट कार्डाचं व्याज कमी करून देतो म्हणाले. मी नंबर सांगितला." एवढे बोलते आणि गप्प होते. पुढचे आपणच विचारून काढायचे.

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली, ह्या पट्ट्यात मी कामानिमित्त फिरत असते. फसलेल्या बायका अडाणी असतात असा एक समज आहे, तो आधी सोडून द्यावा. मला भेटलेल्यांत शिक्षिका आहेत, परिचारिका आहेत, घरी शिकवण्या घेणाऱ्या आहेत, एक तर बँकेतून निवृत्त झालेली आहे. बहुतेकींनी कार्ड मागायला जाऊन घेतलेले नाही. मॉलमध्ये टेबल टाकून बसलेल्या पोराने "आयुष्यभर फ्री" म्हणून गळ्यात घातले, नाहीतर नवऱ्याच्या कार्डाला जोडकार्ड म्हणून आले. मग मुलाची क्लासची फी, सासऱ्यांचे ऑपरेशन, गणपतीत गावी जाण्याचा खर्च, असे करत करत चाळीस-पन्नास हजार अंगावर चढले. दरमहा "किमान रक्कम" भरायची आणि पुढे ढकलायचे.

अशा वेळी फोन येतो. बोलणारी अनेकदा मुलगीच असते, आणि हल्ली ती चांगले मराठी बोलते. "मॅडम, तुम्ही वेळेवर पैसे भरता, म्हणून बँकेनं तुमची निवड केलीय. साडेतीन टक्क्यांचं व्याज सव्वा टक्क्यावर आणून देते." बाईचे नाव तिला ठाऊक असते. कार्डाचे शेवटचे चार आकडे ठाऊक असतात. कधी थकबाकीचा आकडासुद्धा. मग बाईला का वाटू नये की फोन बँकेतून आहे? ही माहिती बाहेर गेली कशी, हा प्रश्न खरे तर अर्जाच्या झेरॉक्स गोळा करणाऱ्यांना आणि त्यांना कामाला लावणाऱ्या बँकांना विचारायला हवा. पण तो कोणी विचारत नाही. सगळे बाईलाच विचारतात, "तू सांगितलंसच कशाला?"

पुढे तीन वाटा असतात. एकतर "व्याजदर बदलाची खात्री" म्हणून कार्डाचा पूर्ण क्रमांक, मागचा तीन आकडी सीव्हीव्ही आणि फोनवर आलेला ओटीपी विचारतात. किंवा व्हॉट्सॲपवर "अर्जा"ची फाईल धाडतात. ती एपीके फाईल उघडून फोनमध्ये बसवली की आपले मेसेज परस्पर त्यांच्याकडे जाऊ लागतात. किंवा साधे सांगतात की प्रक्रिया शुल्क म्हणून तीन हजार आगाऊ भरा. तिन्हींत घाई असते. "मॅडम, दोन मिनिटांत सिस्टीम बंद होईल." गॅसवर कुकर, दारात कचरेवाला, कानाला फोन. ओटीपीचा मेसेज येतो तो इंग्रजीत, लांबलचक. त्यात बहुतेक वेळा किती रक्कम आणि कुठल्या दुकानाला जाणार हे लिहिलेले असते. पण बाईची नजर फक्त सहा आकडे शोधत असते, कारण समोरची तेवढेच मागत असते.

ओटीपी म्हणजे आपली सही आहे. व्याज कमी करायला सही लागत नाही, पैसे काढायला लागते. मी बैठकीत हे असेच सांगते. पण एवढे सांगून आपले काम झाले असे मला वाटत नाही, कारण ह्या फोनला बाई भुलते त्याचे कारण तो फोन एका खऱ्या दुखण्यावर बोट ठेवतो. व्याज खरोखरच भयंकर आहे.

हिशोब करून पाहू. चाळीस हजार थकले आहेत आणि दर महिन्याला साडेतीन टक्के. महिन्याचे व्याज झाले १,४०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी २५२. बाईने पोटाला चिमटा काढून दोन हजार भरले, तर मुद्दलातून उतरले फक्त ३४८ रुपये. शिवाय जुनी बाकी असताना कार्डावर नवे काही घेतले, तर त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज, बिनव्याजी मुदत मिळत नाही. वर्षाचा दर ४२ टक्के. आपल्या बचत गटात दरमहा दोन टक्क्यांनी कर्ज देतो तेव्हा बायका आपल्याशी भांडतात! महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराला बिगरशेती, विनातारण कर्जावर १८ टक्क्यांची मर्यादा घालून दिली गेली. बँकेला ती लागू नाही. ज्या सावकारीविरुद्ध आपल्या आज्या-पणज्यांनी बोटे मोडली, तिच्या दुपटीहून जास्त दर आज रंगीत पाकिटातून घरपोच येतो आणि त्याला सावकारी म्हणायची सोय नाही.

ह्याविरुद्ध लढाई झाली आहे. अहमदाबादच्या 'आवाज' ह्या ग्राहक संस्थेने दाद मागितली, आणि राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने ७ जुलै २००८ ला निकाल दिला की क्रेडिट कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सोळा वर्षांनी, २० डिसेंबर २०२४ ला, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. व्याजदरावर मर्यादा घालणे हा आयोगाचा अधिकार नाही, तो विषय रिझर्व्ह बँकेचा, असे त्यामागचे म्हणणे. कायद्याच्या अंगाने ते बरोबर असेलही. १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्यात २१-अ हे कलम आहेच, ज्याने बँकेचे व्याज जादा आहे एवढ्याच कारणाने न्यायालयाला त्यात हात घालता येत नाही. पण मग रिझर्व्ह बँकेने तरी आकडा ठरवून द्यावा की नाही? "अवाजवी नसावे" एवढ्या शब्दावर बाईचे घर चालत नाही. हा प्रश्न स्त्री संघटनांनी आपला म्हणून अजून हातात घेतलेला नाही, आणि तो घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे.

आता फोन करणाऱ्यांकडे वळू. हा धंदा इथे जन्मला असे नाही. अमेरिकेत "कार्डहोल्डर सर्व्हिसेसमधून रेचल बोलतेय" असा ध्वनिमुद्रित फोन लाखो घरांत वाजत असे: तुमच्या कार्डाचे व्याज कमी करून देते, आधी शुल्क भरा. (आवाज बाईचाच! विश्वास विकायचा असला की आमचा आवाज लागतो.) तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१० साली नियम केला की फोनवरून असे कर्ज हलके करून देणाऱ्याने काम होण्याआधी एक पैसाही घ्यायचा नाही, आणि २०१२ मध्ये ह्या 'रेचल'च्या मागच्या पाच कंपन्यांवर कारवाई केली.

आणि आपल्याकडे? दहिसरचा चेकनाका ओलांडला की मीरा रोड. तिथे ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी कॉल सेंटरांवर रात्री धाड घातली. सातशेच्या आसपास पोरेपोरी तिथे सापडली, सत्तरएक जणांना अटक झाली. ही मुले अमेरिकेतल्या लोकांना तिथल्या आयकर खात्याच्या नावाने फोन करून धमकावत होती. पुढे अमेरिकेतही खटला भरला गेला, २०१८ मध्ये तिथे एकवीस जणांना शिक्षा झाल्या, आणि फसलेल्यांत म्हातारी माणसे व नव्याने स्थायिक झालेले पुष्कळ होते असे पुढे आले. तेव्हा आपल्याकडच्या काही सुशिक्षित घरांत मी गंमतीचा सूर ऐकला होता: गोऱ्यांना आपल्या पोरांनी कसे बनवले. तो सूर मला तेव्हाही आवडला नव्हता. त्या फोनच्या पलीकडची एकटी म्हातारी आणि मुलुंडची आपली निवृत्त परिचारिका ह्यांत फरक तो काय?

पण फोनच्या अलीकडे बसलेल्या मुलींबद्दलही बोलले पाहिजे. बारावी किंवा बीकॉम झालेली, इंग्रजी-हिंदी बरे बोलणारी मुलगी. जाहिरात "टेलिकॉलर पाहिजेत, फक्त मुली" अशी. पहिल्या आठवड्यात तिच्या हातात छापील संवाद देतात, महिन्याचे लक्ष्य देतात. कंपनी खरी की खोटी हे तिला कसे कळणार? खऱ्या बँकेची कंत्राटी विक्रीसुद्धा अशाच खोलीतून, अशाच कागदावरून चालते. कळते तेव्हा दोन महिन्यांचा पगार अडकलेला असतो. मला वाटते, कळल्यावर जी तिथे राहते ती दोषी आहेच, तिची गरिबी हे माझ्या लेखी समर्थन नाही. पण धाड पडली की पदरांनी तोंडे झाकलेल्या पोरींचे फोटो छापून येतात, आणि जागा भाड्याने देणारा, मालक, त्यांना नावांच्या याद्या विकणारा फोटोत क्वचितच दिसतो. आपल्या वस्तीतल्या मुली अशा नोकरीला लागत असतील, तर नेमणूकपत्र मिळाले का, भविष्यनिर्वाह निधी कापतात का, लोकांकडून ओटीपी विचारायला सांगतात का, एवढे तीन प्रश्न आपण त्यांना विचारायला हवेत. तिसऱ्याचे उत्तर "हो" असेल तर त्याच दिवशी बाहेर पडायचे. माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ड कलमात तोतयेगिरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि ती फोनवर बोलणारीलाही लागू शकते.

सगळ्यांत मोठे नुकसान मात्र मी वेगळ्याच जागी होताना पाहिले आहे. पैसे जातात पाच मिनिटांत. ते अडवायला पहिले काही तास हातात असतात. आणि ते तास बाई घरात कोणाला सांगू, कसे सांगू, ह्यात घालवते. घाटकोपरच्या एका बाईने चार दिवस कोणाला सांगितले नाही. नवऱ्याच्या कार्डाचे जोडकार्ड, मेसेज त्याच्याही फोनवर जाईल म्हणून ती दिवसभर त्याचा फोन लपवण्याच्या खटपटीत होती. शेवटी बहिणीकडून उसने घेऊन भरणा केला, वर मंगळसूत्र गहाण टाकले. घरी कळले तेव्हा नवरा म्हणाला, "बायकांच्या हातात व्यवहार दिला की असंच." त्याच नवऱ्याने वर्षापूर्वी शेअर बाजाराच्या टिपा देणाऱ्या कोणाच्या नादाने लाखभर घालवले होते. त्याला कोणी व्यवहार काढून घ्या म्हटले नव्हते. चोराने नेले पंचवीस हजार, आणि घराने तिच्याकडून कार्ड, फोनवरचे बँकेचे ॲप, खर्च विचारून करायची सवय, सगळे काढून घेतले. ह्याला मी दुसरी चोरी म्हणते.

म्हणून आपल्या केंद्रावर अशी बाई आली की "का सांगितलंस" हा प्रश्न विचारायचाच नाही. आधी १९३० ला फोन लावायचा. ही केंद्र सरकारची सायबर आर्थिक फसवणुकीची मदतवाहिनी आहे, आणि पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते गोठवण्याची खटपट तिथून सुरू होते. दुसरा फोन कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर, कार्ड बंद करायला. गूगलवर शोधलेला क्रमांक नको, तिथेही तेच लोक बसलेले असतात. तक्रारीचा क्रमांक आणि वेळ वहीत लिहून घ्यायची. ती वेळ फार महत्त्वाची आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटले आहे की ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दिली असली तरी, बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचे. आणि चूक ना ग्राहकाची ना बँकेची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करणे बँकेवर आहे. काउंटरवर मात्र "मॅडम, ओटीपी तुम्हीच दिलात ना" एवढ्यावर फाईल मिटते. मिटू द्यायची नाही. लेखी उत्तर मागायचे. तीस दिवसांत आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचे, तिथे फी नाही.

आणखी एक नियम बायकांना ठाऊक नसतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या क्रेडिट कार्ड निर्देशांप्रमाणे, फसवणूक म्हणून तक्रार केलेल्या रकमेवर वाद मिटेपर्यंत आकार लावता येत नाही. तरी लावला तर त्याच कागदावर तेही लिहायचे. न मागता कार्ड देणेही त्याच निर्देशांनी बंद केले आहे. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर फोन करायचा नाही, हेही रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच बजावले. पोलीस ठाण्यात "हे आमच्या हद्दीत नाही" म्हटले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ दाखवायचे. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, खबर नोंदवून घ्यावी लागते. मुंबईत पाच प्रादेशिक सायबर पोलीस ठाणी आहेत खरी, पण बोरिवलीच्या बाईने पोर कडेवर घेऊन आधी तिकडे पळावे असे कुठे लिहिलेले नाही.

ज्यांचे व्याज खरोखर डोईजड झाले आहे त्यांनी बँकेला आपण होऊन फोन करावा. थकबाकीचे हप्ते पाडून मिळतात, दर बहुधा कमी असतो. किंवा साधे वैयक्तिक कर्ज घेऊन कार्ड मिटवून टाकावे. सोने असेल तर बँकेतले सोनेतारणही ४२ टक्क्यांपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. ह्यातल्या कशासाठीही अनोळखी माणसाला ओटीपी सांगावा लागत नाही.

बँकांकडे माझी मागणी साधी आहे. ओटीपीचा मेसेज मराठीत द्या, आणि त्यात पहिला शब्द रकमेचा असू द्या: "तुमच्या कार्डातून २५,००० रुपये जात आहेत." आकडे त्याच्यानंतर. कार्डाच्या अटी शक्यतो इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत असाव्यात असे २०२२ चे निर्देशच सांगतात. मग ज्या एका ओळीवर बाईचे पैसे जातात ती इंग्रजीतच का? मुलुंडच्या गटाने ह्या मागणीचा मसुदा केला आहे. सह्या गोळा करायला घ्यायच्या आहेत. ज्या गटांना त्यात यायचे आहे त्यांनी आपापल्या भागातल्या अशा फसवणुकीच्या नोंदी, नावे गाळून, तारीख आणि रकमेसह पाठवाव्यात.