चमच्याचे माप आणि औषधाचे गणित

रात्री दोन वाजता मुलाचे अंग तापलेले हाताला लागते आणि सारे घर जागे होते. कपाटातून पॅरासिटामॉलची बाटली निघते. मागच्या वेळी किती दिले होते ते आठवून कुणीतरी चमचा भरते. या घाईत एक गोष्ट हमखास विसरली जाते. औषधाचे माप चमच्यात नव्हे, मिलिग्रॅममध्ये ठरते. ते ठरवण्याचे गणित चौथीच्या मुलालाही जमेल इतके सोपे आहे. आज तेच आपण मांडून पाहू.

पहिला आकडा वजनाचा. मुलांना पॅरासिटामॉल एका वेळी प्रत्येक किलो वजनामागे १० ते १५ मि.ग्रॅ. देतात. मूल १२ किलोचे असेल, तर १२ गुणिले १५, म्हणजे एका वेळी अधिकात अधिक १८० मि.ग्रॅ. येथे वयापेक्षा वजन महत्त्वाचे. एकाच वयाच्या दोन मुलांच्या वजनात तीन-चार किलोंचे अंतर सहज असते.

दुसरा आकडा बाटलीवरचा. आपल्याकडे हे औषध निरनिराळ्या तीव्रतेत मिळते. एका पातळ औषधाच्या ५ मि.लि.मध्ये १२० मि.ग्रॅ. असतात, दुसऱ्याच्या तेवढ्याच मापात २५० मि.ग्रॅ.; तान्ह्या बाळांच्या थेंबांत तर १ मि.लि.मध्येच १०० मि.ग्रॅ. असतात. म्हणजे आपल्या १२ किलोच्या मुलाला १८० मि.ग्रॅ. देण्यासाठी पहिल्या बाटलीतून साडेसात मि.लि., दुसरीतून ३.६ मि.लि. आणि थेंबांच्या बाटलीतून अवघे १.८ मि.लि. लागते. आता कल्पना करा, ‘साडेसात’ हा आकडा तेवढा लक्षात राहिला आणि हाती थेंबांची बाटली आली. मुलाच्या पोटात ७५० मि.ग्रॅ. जातील. दिवसभराच्या चार पूर्ण मात्रांची बेरीज ७२० होते. त्याहूनही अधिक औषध एकाच घोटात!

तिसरा आकडा वेळेचा. शरीरातील औषध निम्मे होण्यास जो वेळ लागतो, त्याला अर्धायुकाल म्हणतात. पॅरासिटामॉलचा अर्धायुकाल साधारण दोन ते तीन तासांचा. आपण अडीच धरू. ढोबळ हिशेबाने दोन वाजता दिलेले १८० मि.ग्रॅ. साडेचारला ९० उरतात आणि सात वाजता ४५. सातला पुढची मात्रा दिली, तर शरीरात २२५ मि.ग्रॅ. होतात. परंतु तासाभरात ताप उतरला नाही म्हणून तीन वाजताच पुन्हा औषध दिले, तर उरलेले सुमारे १३६ आणि नवे १८० मिळून ३१६ होतात. औषधाला परिणाम दाखवण्यासच अर्धा ते एक तास लागतो. आपली अधीरता त्याची गती वाढवत नाही, केवळ साठा वाढवते. म्हणूनच दोन मात्रांत चार ते सहा तासांचे अंतर ठेवावे आणि चोवीस तासांत चारांहून अधिक मात्रा देऊ नयेत.

हा साठा यकृताला जड जातो. पॅरासिटामॉलचा थोडा भाग यकृतात विषारी द्रव्यात बदलतो. नेहमीच्या मात्रेत यकृत ते निष्प्रभ करते. मात्रा फार वाढली की त्याची ही शक्ती संपते. आणि धोका असा की, पहिल्या दिवशी मूल बरेचदा ठीकच दिसते. यावर उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत दिल्यास सर्वाधिक गुणकारी ठरतो. त्यामुळे जास्त औषध गेल्याचे लक्षात येताच लक्षणांची वाट न पाहता, बाटली सोबत घेऊन रुग्णालय गाठावे.

आणखी एक फसगत टाळावी. सर्दीच्या अनेक मिश्र औषधांतही पॅरासिटामॉल असते. तापाचे एक आणि सर्दीचे दुसरे, असे दोन बाटल्यांतून एकच औषध दुप्पट जाऊ शकते. लेबलावरील घटकांची नावे म्हणूनच वाचावीत.

हे गणित मध्यरात्री करू नका. आज दिवसाउजेडी मुलाचे वजन करा, आपल्या डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवा आणि कपाटाच्या दाराला एक कागद लावा: वजन, तारीख, बाटलीची तीव्रता, किती मि.लि. मूल वाढेल तसा कागद बदला. स्वयंपाकघरातला चमचा बाजूला ठेवून बाटलीसोबतचे मापाचे झाकण किंवा ड्रॉपर वापरा. दिलेल्या प्रत्येक मात्रेची वेळ त्याच कागदावर लिहा, म्हणजे आईने दिलेले औषध आजी पुन्हा देणार नाही. तीन महिन्यांखालील बाळाला ताप आला, तर मात्र घरी गणित न करता थेट डॉक्टरांकडे जावे.