थेंबे थेंबे तळे साचे, पण तळ्यालाच भोक असेल तर?



दरवर्षी ५ जून आला की आपल्याकडे पर्यावरण दिन साजरा होतो. प्रभातफेरी निघते, रोपे लावली जातात, भाषणे होतात. भाषणात एक म्हण हमखास येते : थेंबे थेंबे तळे साचे. म्हण खरी आहे. पण ती अर्धीच खरी आहे, असे मला वाटते. तळे साचायला थेंब लागतात हे जितके खरे, तितकेच तळ्याला भोक नसावे लागते हेही खरे. आपण मुलांना थेंब वाचवायला शिकवतो आणि भोकाबद्दल मात्र बोलायचे टाळतो. म्हणून हा लेख.

हल्ली 'शाश्वत जीवनशैली' हा शब्द वारंवार कानावर पडतो. शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे. १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाने तो जगापुढे मांडला. आपल्या भाषेत सांगायचे तर नातवाच्या ताटातले न काढता आपले पोट भरणे, म्हणजे शाश्वत जगणे. एवढे समजले तरी पुरे.

आपल्या बिदर जिल्ह्याला हे नवीन नाही. बिदर शहराजवळ नौबादला बहामनी काळातला करेज आहे. लोक त्याला सुरंग बावी म्हणतात. इराणकडून आलेली ही विद्या. जमिनीखालून हलक्या उताराचा बोगदा खणायचा, ठिकठिकाणी वर उजेडाला तोंडे ठेवायची, आणि खडकातून पाझरणारे पाणी मोटेशिवाय, बैलाशिवाय, केवळ उताराने गावापर्यंत आणायचे. या रचनेतली मोठी गोष्ट म्हणजे, करेज जमीन देईल तेवढेच पाणी घेतो. पाऊस कमी झाला की धार बारीक होते आणि माणसाला आपोआप समजते की यंदा हात आखडता घ्यायचा आहे. बोअरचे तसे नाही. दोनशे फुटांवर पाणी लागले नाही तर तीनशे, तिथे नाही तर पाचशे. धार बारीक झालेली दिसतच नाही. एके दिवशी मोटार नुसती हवा ओढते, तेव्हाच कळते. करेज म्हणजे मिळकतीवर जगणे, आणि खोल बोअर म्हणजे मुद्दल खाणे.

आता थोडे गणित करू. सातवी-आठवीच्या मुलांनी वही घेऊन बसावे.

एका घराने रोज एक बादली, म्हणजे २० लिटर पाणी वाचवले, तर वर्षाला ७,३०० लिटर वाचते. चांगली गोष्ट आहे. आता उसाकडे वळू. उसाच्या पिकाला हंगामभरात साधारण १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागते. आपल्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी ८५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपण उसाच्या बाजूने हिशेब धरू. पिकाला कमीत कमी म्हणजे १,५०० मिलिमीटरच लागले आणि पावसाचा थेंब न थेंब त्याच्याच मुळाशी गेला, असे समजू. तरीही ६५० मिलिमीटर पाणी वरून द्यावे लागते. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. गुणाकार करा. उत्तर येते सुमारे २६ लाख लिटर. एका एकराला!

म्हणजे साडेतीनशे घरांनी वर्षभर रोज एकेक बादली वाचवली, तर एक एकर उसाची तहान भागते. साडेतीनशे घरे म्हणजे एक बऱ्यापैकी गाव.

२६ लाख लिटर म्हणजे किती, हे डोळ्यांपुढे यायला आणखी एक आठवण देतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. सुमारे ३४० किलोमीटरवरून. सुरुवातीला दहा टाक्यांची गाडी आली, तिच्यात पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास टाक्यांची गाडी आली, तिच्यात पंचवीस लाख लिटर. देशभर त्या गाडीचे फोटो छापून आले. ती अख्खी पन्नास टाक्यांची गाडी एक एकर उसाला वरून लागणारे कमीत कमी पाणीसुद्धा पुरवू शकली नसती. आणि लातूर काही परके नाही. बीड जिल्ह्यात उगम पावणारी मांजरा लातूर करून आपल्याच जिल्ह्यात येते. भालकी तालुक्यात धरण असलेली आपली कारंजा तिलाच जाऊन मिळते. नदी एक, खोरे एक. लातूरवर जी वेळ आली ती आपल्यावर येणार नाही, असे कोणी समजू नये.

इथे काही पालकांना राग येईल. येऊ द्या. पण माझे म्हणणे नीट ऐकून घ्या. ऊस लावणारा शेतकरी चूक करतो, असे मी म्हणत नाही. उसाला केंद्र सरकार दर जाहीर करते आणि कारखाना तोडून नेतो. तुरीचे आणि सोयाबीनचे भाव मात्र बाजारात आल्याशिवाय कळत नाहीत. मुलीचे लग्न, मुलाची फी, सोसायटीचे कर्ज डोक्यावर असलेला माणूस खात्रीच्या पिकाकडे जाणारच. त्याला दोष देऊन उपयोग नाही. पण दोष न देणे वेगळे आणि हिशेबच न करणे वेगळे. घरात मुलाला दात घासताना नळ बंद कर म्हणून रागवायचे, आणि शेतात रात्रभर मोटार चालू ठेवून बांधावरून पाणी ओसंडू द्यायचे, हे मुलांना दिसत नाही असे का आपल्याला वाटते? मुले भाषण ऐकत नाहीत, आपले वागणे पाहतात.

मार्ग नाही असेही नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत घातली. पावसाळा संपला की गावात किती पाणी आहे याचा हिशेब होतो. आधी माणसे आणि जनावरे, मग उरलेल्यात कोणती पिके घ्यायची ते ठरते. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, हे गावाने स्वतःच ठरवून घेतले. उद्या सकाळी आपण सगळा ऊस उपटा, असे मी म्हणणार नाही. पण जो लावायचाच आहे तो ठिबकवर लावावा, पाचट पेटवून न देता सरीत आच्छादन म्हणून पसरावे, म्हणजे ओल टिकते आणि जमिनीला खत मिळते. आणि निदान काही एकर तरी ज्वारी-तुरीला राहू द्यावे. तूर पावसावर येते, तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात, डाळ ताटात येते, भुस्सा जनावरांना आणि तुराट्या कुडाला. शेजारच्या कलबुरगीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जे पीक जगाने नावाजले ते आपल्या बांधावरून हद्दपार होऊ नये.

मग घरातली बादली वाचवायची की नाही? वाचवायचीच. कारण जो पाण्याची बादली मोजतो तोच पुढे एकर मोजतो. सवय घरात लागते. पण या बाबतीत दोन गोष्टी स्पष्ट बोलल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट. 'आमच्या वेळी असे नव्हते' म्हणून जुन्या काळाचे नुसते गोडवे गाऊ नयेत. जुन्या लुगड्याची वाकळ होत असे, भांडी राखेने घासत, पंगतीला पळसाच्या पत्रावळी असत, काही म्हणता काही वाया जात नसे. हे सगळे खरे. पण त्या काटकसरीचा भार कोणाच्या डोक्यावर होता? डोक्यावर दोन आणि कमरेवर एक घागर घेऊन मैलभर चालणाऱ्या बाईच्या. चुलीच्या धुराने डोळे गेले ते तिचेच. तो काळ परत आणायचा नाही. गॅस राहू द्या, नळ राहू द्या. काटकसर मात्र परत आणा, आणि या वेळी तिचा भार घरातल्या सगळ्यांनी वाटून घ्या. बाजाराला जाताना कापडी पिशवी आठवणीने नेणे हे फक्त आईचे काम नव्हे. वडिलांच्या खिशातही एक पिशवी घडी करून बसते.

दुसरी गोष्ट. कायदा आपल्या बाजूने आहे, पण कायदा घरात येऊन पिशवी उचलत नाही. कर्नाटकात प्लॅस्टिक पिशव्यांवर मार्च २०१६ मध्ये बंदी आली. महाराष्ट्रात २०१८ मध्ये आली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आहे. तरी कोणत्याही आठवडी बाजारानंतरचे मैदान पाहावे. बंदी आणि सवय यांतले अंतर कोणता पोलीस भरून काढणार?

हे अंतर शाळा भरून काढू शकते. म्हणून विश्वस्त मंडळापुढे चार सूचना नम्रपणे ठेवतो.

एक, शाळेजवळच्या एखाद्या विहिरीची पातळी मुलांनी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दोरी सोडून, शिक्षकांच्या देखरेखीखाली मोजावी आणि फळ्यावर लिहावी. केंद्रीय भूजल मंडळ निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. आपण बारा वेळा मोजू. पाच वर्षांनी गावाकडे स्वतःचा आकडा असेल.

दोन, स्नेहसंमेलन, १५ ऑगस्ट, १ नोव्हेंबर या कार्यक्रमांना फ्लेक्स, थर्माकोल आणि पाण्याच्या बाटल्या नकोत. कापडी फलक चित्रकलेच्या तासाला मुले रंगवतील. पाहुण्यांना स्टीलच्या पेल्यात पाणी दिल्याने कोणाचा मान कमी होत नाही.

तीन, दुपारच्या 'अक्षर दासोह' जेवणानंतर ताटे धुतलेले पाणी गटारात न जाता झाडांकडे वळवावे. शंभर मुलांनी प्रत्येकी दोन लिटर वापरले तरी रोजचे दोनशे लिटर होतात.

चार, वर्षातली एक पालकसभा गुण आणि हजेरी बाजूला ठेवून फक्त पाण्यावर घ्यावी. तिथे उसाचा विषय मोकळेपणाने निघावा आणि तो मुलांसमोर निघावा.

आपला जिल्हा बसवकल्याणचा आहे. महात्मा बसवेश्वरांनी कायक आणि दासोह ही दोन तत्त्वे इथेच सांगितली. कष्ट करून मिळवावे, आणि गरजेपुरते ठेवून उरलेले समाजाला परत करावे. पाण्याला हे तत्त्व लावले तर उरलेले पाणी ज्याला परत करायचे तो समाज अजून जन्मायचा आहे, एवढाच फरक. १९५६ साली राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या, जुना बिदर जिल्हा विभागला गेला. उदगीर, निलंगा तिकडे, भालकी इकडे. पण मराठी घर असो की कन्नड, जमिनीखालचे पाणी एकच आहे. ते जपण्यासाठी भाषा लागत नाही, हिशेब लागतो.

येत्या ५ जूनला रोप लावाच. पण लावण्याआधी एकमेकांना एक प्रश्न विचारू या : या रोपाला तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी कोण आणि कुठून घालणार? त्या प्रश्नाचे उत्तर ज्या दिवशी प्रत्येक घराकडे असेल, त्या दिवशी तळ्याचे भोक बुजायला सुरुवात झाली असे समजावे.