पत्र कोणाचें ?



मागील वर्षीं माझ्या ईमेलच्या पेटींत एका विद्यार्थ्याच्या नांवानें व पत्त्यानें पैसे मागणारें पत्र आलें. मी संतापून चार मुलांदेखत त्याला टाकून बोललों. तो रडवेला होऊन एवढेंच म्हणाला, “सर, तें पत्र मीं लिहिलें नाहीं.” रात्रीं मीं त्या पत्राचा हेडर, म्हणजे एरवीं झांकलेला शीर्षभाग, उघडून वाचला, तेव्हां मुलगा खरा ठरला व मी खोटा.

न मागतां येणाऱ्या पत्रांचा, ज्यांस स्पॅम म्हणतात त्यांचा, उपद्रव जुना आहे. १९७८ सालीं अमेरिकेंत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ह्या कंपनीची जाहिरात सुमारें ४०० पत्त्यांवर एकदम धाडण्यांत आली; ती पहिली समजतात. परंतु तींत पाठविणाऱ्यानें आपलें नांव लपविलें नव्हतें. आजचीं पुष्कळ पत्रें परक्याचें नांव पांघरून येतात. पाकिटावर कोणीहि कोणाचेंहि नांव लिहावें, तसेंच ‘फ्रॉम’ ह्या ओळीचें आहे.

मग माग कसा काढावा ? वाटेंतील प्रत्येक सर्व्हर टपालकचेरीप्रमाणें ‘रिसीव्ड’ असा आपला शिक्का वेळेसह पत्राच्या माथ्यावर मारितो. सर्वांत वरचा शिक्का आपल्याच सेवेचा, म्हणून विश्वासाचा. तेथून एकेक पायरी खालीं उतरावें. खालचे शिक्के लबाडाला बनावट करितां येतात. म्हणून जेथें सांखळी तुटते, तेथें थांबावें. ‘फ्रॉम’ ओळींतील पत्त्याचें डोमेन व पत्र खरोखर धाडणारें डोमेन जुळतात कीं नाहीं, ह्याच्या परीक्षेचा शेराहि तेथें असतो. माझ्या पत्रावर ‘डीमार्क’पुढें ‘फेल’ असें स्पष्ट लिहिलेलें होतें.

तथापि ह्या विद्येलाहि मर्यादा आहे. माग आयपी पत्त्यापर्यंत, फार तर एखाद्या कंपनीपर्यंत व शहरापर्यंत पोहोंचतो, माणसापर्यंत नव्हे. जीमेलच्या पानावरून धाडलेल्या पत्रांत पाठविणाऱ्याचा आयपी पत्ता लिहिलेलाच नसतो. शिवाय तो संगणक एखाद्या निरपराध्याचा, चोरानें ताब्यांत घेतलेला असूं शकतो. पुढील शोध पोलिसांचा. पैसे गेले असल्यास पालकांनीं विलंब न लावितां १९३० ह्या क्रमांकावर कळवावें.

वृद्ध इसहाकाची दृष्टि मंद झाली होती. त्यानें याकोबाचा आवाज ओळखला. तरी करडांचें कातडें बांधलेले हात चांचपून तो फसला. आम्हांस तर दृष्टि आहे, आणि आम्ही वरचें नांव पाहूनच निकाल देतों ! म्हणून माझें मत असें कीं, शाळेंत पत्रलेखनाबरोबर हेडर वाचणेंहि शिकवावें. तें चोर पकडण्यासाठीं नव्हे, तर निर्दोष मनुष्यावर आळ घेण्यापूर्वीं थांबण्यासाठीं.

दुसऱ्या दिवशीं त्याच चार मुलांसमोर मीं त्या मुलाची क्षमा मागितली. त्यानें ती दिली. परंतु आदल्या दिवशींचे माझे शब्द मला परत घेतां आले नाहींत.